पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५चे हेडलाइट सुधारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी एमएक्स-५, म्हणजे माझदाची छोटी, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी, १९९२ची आहे, १.६ लिटरची. ऑक्सफर्डशायरमधल्या बिनदिव्यांच्या, दोन्ही बाजूंनी झुडपांच्या भिंती असलेल्या रस्त्यांवरून मी ती रात्री चालवतो. पहिल्या हिवाळ्यात समोरचं वळण दिसायच्या आधी वळणातच शिरलो होतो, आणि तिथून हा नाद लागला. तेव्हापासून इथले मराठी मित्र, अमेरिकेत हीच गाडी मियाटा नावाने बाळगणारे, आणि गावाकडचे बुलेटवाले भाऊ असे सगळे मला साधारण हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो.

हे सगळं नेमकं कोणत्या गाडीला लागू आहे?

फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये जगासमोर आलेली आणि १९९७पर्यंत बनलेली पहिली पिढी, म्हणजे डोळे उघडल्यासारखे वर येणारे दिवे असलेली. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर, अमेरिकेत मियाटा. १९९८च्या दुसऱ्या पिढीपासून दिवे पुढच्या अंगातच बसवलेले आहेत, तिथलं गणित वेगळं.

पहिल्या पिढीचं भाग्य असं की तिचा दिवा सात इंची गोल आहे. तोच माप जगभर लाखो गाड्यांत आहे: जुन्या एमजीत, लँड रोव्हरमध्ये, जीपमध्ये, आणि आपल्याकडे अँबॅसेडर, जिप्सी नि बुलेटमध्ये. त्यामुळे पर्याय भरपूर मिळतात. त्यातले बरेचसे वाईट असतात, हेही तितकंच खरं.

माझ्या गाडीत कोणता दिवा आहे, हे कसं ओळखू?

मागून बघा. रबरी टोपी काढल्यावर वेगळा निघणारा बल्ब दिसला तर तो एच४. ब्रिटनमध्ये आणि युरोपात विकलेल्या गाड्यांत हाच असतो, डिपरला (खाली झुकलेला, जवळचा उजेड) ५५ वॅट आणि अपरला (लांबचा उजेड) ६० वॅट. टोपीच नाही, काचेच्या पाठीतूनच तीन पाती बाहेर आलेली आहेत, असं दिसलं तर तो सील्ड बीम: काच, आरसा आणि तार सगळं एकत्र बंद केलेलं. अमेरिकेतल्या गाड्यांत मूळचा दिवा असा असतो. त्याचा क्रमांक एच६०२४, अपर ६५ आणि डिपर फक्त ३५ वॅट. तिथले लोक डिपरबद्दल सगळ्यात जास्त का कुरकुरतात, ते या आकड्यातच आहे.

उजेड पिवळट आणि मरगळलेला आहे. कोणता दिवा विकत घेऊ?

अजून कोणताच नको. आधी बल्बपर्यंत किती व्होल्ट पोचतात ते मोजा.

या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने पडतो. साधारण हिशेब असा की व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. एच४चा ठरलेला उजेड, म्हणजे डिपरला सुमारे १००० ल्युमेन आणि अपरला सुमारे १६५०, हा १३.२ व्होल्टवर मोजलेला असतो. तीस वर्षं जुन्या गाडीत मधल्या वायरी, कपलर (वायरी जोडणारी प्लास्टिकची खोबणी), स्विच आणि अर्थ (परतीची वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात ती जागा) यांनी मिळून एक-दीड व्होल्ट खाल्ला, तर नवाकोरा महागडा बल्बही मरतुकडाच जळणार.

माझ्या गाडीत इंजिन चालू असताना बाकी सगळीकडे १४ व्होल्टच्या आसपास होते आणि डाव्या दिव्याच्या पाठीमागे १२.२. पुढचं अंग उघडून अर्थचा बोल्ट शोधला. वायरीच्या टोकाच्या रिंगवर हिरवट पावडर साचली होती, तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढतो तसा कळंक. बोल्ट काढला, रिंग आणि खालचा पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासले, परत आवळून वर ग्रीसचा हात दिला. १२.९. एक पैसा न खर्चता, वीस मिनिटांत.

कोल्हापूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वायरमनकाका बसायचे. लहानपणी त्यांच्या टपरीवर तासन्‌तास उभा असायचो. कोणतीही गाडी आली, कोणतीही तक्रार असली, तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी अर्थ बघ रे." इंग्लंडातल्या गारठ्यात गुडघे टेकून ती रिंग घासताना ते वाक्य जसंच्या तसं कानात होतं.

मोजायचं कसं? मला इलेक्ट्रिकलचं काही कळत नाही.

साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, डिपर चालू. कपलर बल्बवरून पूर्ण काढू नका, जरा मागे ओढा, म्हणजे पाती दिसतील. बल्ब जळत असतानाच मोजायचं, कारण करंट वाहत नसेल तर खराब वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. मीटरच्या दोन सुया डिपरच्या आणि कॉमनच्या पात्याला लावा. १३च्या वर असेल तर वायरिंग ठीक आहे. १२.५च्या खाली असेल तर नवा दिवा घ्यायचा विचार सोडा आणि गळती शोधा.

गळती कोणत्या बाजूला आहे, तेही असंच कळतं. एक सुई बल्बच्या अर्थच्या पात्यावर आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर ठेवा. इथे पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थमध्ये आहे. नाहीतर फ्यूज बॉक्सपासून दिव्यापर्यंतच्या बाजूला.

एक सावधगिरी: बऱ्याच जपानी गाड्यांत कॉमन वायर अर्थची नसून पॉझिटिव्हची असते आणि स्विच अर्थच्या बाजूने चालतो. वायरच्या रंगावरून अंदाज बांधू नका, मीटरने बघा.

रिलेची वायरिंग टाकावी का?

अर्थ आणि कपलर साफ करूनही एक व्होल्ट कमीच येत असेल, तर हो. रिले म्हणजे जुन्या, बारीक वायरीने फक्त इशारा द्यायचा आणि दिव्याचा खरा करंट नव्या, जाड, आखूड वायरीने न्यायचा. दोन्ही डिपर मिळून ९ अँपिअरच्या पुढे घेतात, अपरचे दोन १० अँपिअर. एवढा करंट तीस वर्षं जुन्या सांध्यांतून नको जायला. रिलेचे आकडे सगळीकडे सारखेच असतात: ३०वर थेट पुरवठा, ८७वरून दिव्याकडे, ८५ आणि ८६ वर जुन्या वायरीचा इशारा. पुरवठ्याला अडीच चौरस मिलिमीटरची वायर वापरा, आणि फ्यूज पुरवठा घेतो तिथेच, वायरच्या सुरुवातीला टाका. फ्यूज दिव्याजवळ टाकला तर मधली वायर घासून बॉडीला लागल्यावर काय होईल, ते सांगायला नको.

आता या गाडीची खासियत. बाजारात मिळणाऱ्या तयार रिले किटची लाल वायर बॅटरीच्या टोकाला लावायची असते आणि ती जेमतेम दोन-अडीच फुटांची असते. एमएक्स-५ची बॅटरी डिकीत आहे! वजन पुढे-मागे समान ठेवायला माझदाच्या इंजिनिअरांनी ती तिथे नेली. त्यामुळे पुरवठा इंजिनशेजारच्या मेन फ्यूज बॉक्समध्ये जिथे डिकीतून जाड वायर येते, तिथून घ्या. डिकीपासून नवी वायर ओढायची गरज नाही. काम सुरू करायच्या आधी मात्र डिकीतली निगेटिव्ह केबल सोडवाच.

रिलेनंतर माझ्याकडे १३.७ व्होल्ट आले. १२.२वर होता त्याच्या जवळपास दीडपट उजेड, त्याच बल्बने.

सील्ड बीम काढून एच४ बसवता येतो का?

येतो, आणि अमेरिकेतल्या गाडीसाठी मी तरी हाच बदल आधी सुचवेन. सिबी, हेला, कोइतो यांचे सात इंची एच४ दिवे मूळ रिंगमध्ये बसतात, तीन पात्यांचा कपलरही तोच. अमेरिकी नियमांत या बल्बचा भाऊ ९००३ किंवा एचबी२ या नावाने ओळखला जातो. युरोपीय काचेचा दिवा तिथे रस्त्यावर चालतो का, ते तुमच्या राज्याच्या नियमांत बघून घ्या.

मागची जागा आधी मोजा. एच४ दिवा रबरी टोपीसकट सील्ड बीमपेक्षा खोल असतो, आणि या गाडीत दिवा आख्खा फिरून खाली जातो. वर असताना मोकळा वाटणारा कपलर खाली जाताना पत्र्यावर दाबला जाऊ शकतो. बसवल्यावर हाताने एकदा पूर्ण खाली-वर करून पाहिल्याशिवाय मोटर चालवू नका.

१०० वॅटचा बल्ब टाकला तर?

नको. गावाकडे ९०/१०० वॅटचे बल्ब दुकानात सहज मिळतात, मीही कधीकाळी मोटरसायकलला लावला होता. महिन्याभरात होल्डर तपकिरी झाला, मग ठिसूळ, आणि एका रात्री कपलर उपसताना त्याचा तुकडा हातात आला. जळक्या प्लास्टिकचा तो वास विसरता येत नाही. रस्त्यावर असे बल्ब बेकायदा तर आहेतच, शिवाय जास्त करंट म्हणजे त्याच जुन्या वायरीत जास्त व्होल्टेज गळणार. वॅट वाढतात, त्या मानाने उजेड वाढत नाही.

डब्यावर "१५० टक्के जास्त उजेड" लिहिलेले बल्ब?

फिलिप्स आणि ऑसरॅम यांचे असे बल्ब खरंच चांगले असतात, फक्त त्या आकड्याचा अर्थ समजून घ्या. तो रस्त्यावरच्या ठराविक जागीच्या उजेडाबद्दल असतो, एकूण उजेड अडीचपट होत नाही. वॅट तेच असतात, तार जास्त तापवलेली असते, म्हणून आयुष्य कमी. मी हे वापरतो आणि जोडी एकदमच बदलतो. निळ्या काचेचे "पांढऱ्या उजेडाचे" बल्ब मात्र टाळा, तो निळा रंग उजेड अडवूनच तयार होतो.

एच४च्या जागी एलईडी बल्ब बसवला की काम संपलं, नाही का?

हा मोह मला कळतो, मीही त्याला बळी पडलो होतो. बसवला, भिंतीवर पांढराशुभ्र उजेड पडला, मी खूश. त्याच रात्री समोरून येणाऱ्या दर दुसऱ्या गाडीने मला डिपर मारला. शेवटी बायकोला माझी गाडी चालवायला देऊन मी समोरून तिची गाडी घेऊन आलो, आणि डोळ्यांपुढे काही सेकंद नुसती पांढरी भिंत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बल्ब काढले.

कारण समजलं की हे पटतं. एच४ बल्ब हातात घेऊन नीट बघा. आत दोन बारीक तारा आहेत. डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी आहे. ती वाटी आरशाच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाणारा उजेड अडवते, म्हणून रस्त्यावर उजेडाला वर एक स्वच्छ कडा मिळते. वाटीची एक कड १५ अंशांनी कललेली असते, त्यामुळे रस्त्याच्या कडेकडे उजेड थोडा वर चढतो आणि पायी चालणारा दिसतो. सगळा आरसा, काचेवरची प्रत्येक रेघ, त्या केसाएवढ्या तारेची जागा धरून आखलेली असते. एलईडी बल्बमध्ये चिप दोन बाजूंना असतात, त्यांचा आकार वेगळा, जागा थोडी हललेली. उजेड भरपूर, पण तो समोरच्याच्या डोळ्यांत आणि आपल्याच गाडीपुढच्या पाच मीटरात. जवळचा रस्ता लख्ख दिसला की लांबचं उलट कमी दिसतं, कारण डोळा त्या लख्ख उजेडाला सरावतो.

एचआयडी, म्हणजे तारेऐवजी वायूतून उजेड देणाऱ्या झेनॉन, किटचंही तेच, त्यात तापून पूर्ण तेजाला यायला लागणारे सेकंद वेगळे.

मग आख्खा एलईडी दिवाच घेतला तर?

ती गोष्ट वेगळी. जे. डब्ल्यू. स्पीकर, ट्रक-लाइट यांच्यासारख्यांचे सात इंची दिवे पहिल्यापासून एलईडीसाठीच आखलेले आहेत आणि त्यांची कडा सुरीने कापल्यासारखी पडते. करंट कमी लागतो, त्यामुळे जुन्या वायरिंगवरचा भारही हलका होतो. तीन गोष्टी तपासा. मागचे थंड करणारे धातूचे पंख आतल्या भांड्यात मावतात का. वजन किती, कारण ते उचलणारी मोटर तीस वर्षांची आहे. आणि तुमच्याकडे बर्फ पडतो का. हॅलोजनच्या उष्णतेने काचेवरचा बर्फ वितळतो, एलईडीची काच थंड राहते आणि त्यावर थर साचतो. काच गरम करणारे प्रकारही मिळतात.

स्वस्तात मिळणारे, समोर वर्तुळाकार चमकती कडा असलेले बेनामी दिवे घेऊ नका. कडेची चमक सोडली तर त्यांच्यात बहुधा सांगण्यासारखं काही नसतं.

माझी स्वतःची निवड? चांगला काचेचा एच४, रिले, चांगला बल्ब. या गाडीच्या चेहऱ्याला काचेवरच्या उभ्या रेघा आणि तो उबदार उजेड शोभतो. पण रोज रात्री लांबचा प्रवास असेल तर मी एलईडी दिव्याला नाही म्हणणार नाही.

काचेवरच्या ई आणि बाणाच्या खुणा कशासाठी?

वर्तुळातला ई आणि पुढचा आकडा म्हणजे कोणत्या देशाने मान्यता दिली: ई१ जर्मनी, ई२ फ्रान्स, ई११ ब्रिटन, ई४३ जपान. अमेरिकेची डीओटी खूण मात्र बनवणारा स्वतःच लावतो.

बाण जास्त महत्त्वाचा. दिव्यासमोर उभं राहून पाहिल्यावर तो तुमच्या उजवीकडे असेल, तर दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे: ब्रिटन, जपान, भारत. बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशांचा. दोन्हीकडे बाण असेल तर दोन्हीकडे चालतो. जपानहून आलेल्या युनोसचे दिवे म्हणूनच ब्रिटनमध्ये बरोबर ठरतात. जर्मनीहून मागवलेली सुंदर काच मात्र इथे समोरच्याच्याच डोळ्यांत उजेड चढवेल. खरेदीतली ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

एकच दिवा वर येतो, किंवा अर्ध्यात अडकतो. दिवे बदलण्याआधी हे दुरुस्त करायला हवं का?

हो. आणि हात घालण्याआधी दिवे उचलणाऱ्या मोटरींचा, रिट्रॅक्टरचा, फ्यूज काढा. मोटर छोटी असली तरी बोट चेंगरण्याइतकी ताकद तिच्यात भरपूर आहे. मोटरच्या डोक्यावर रबरी टोपी असते, तिच्याखाली एक नॉब. तो फिरवत राहिलं की दिवा हळूहळू वर येतो. रात्री रस्त्यात मोटर बंद पडली तर हाच नॉब घरी पोचवतो, म्हणून त्याची जागा आजच बघून ठेवा.

टोपी फाटली की पाणी आत जातं आणि आतल्या गोल चकतीवरचे संपर्क काळे पडतात. उघडून साफ करून ताजं ग्रीस लावलं की बहुतेक मोटरी परत शहाण्यासारख्या वागतात. मोटर आणि दिवा जोडणाऱ्या दांड्याचे गोल सांधे ढिले असतील तर तेही बदला, नाहीतर खड्ड्यात उजेड थरथरतो आणि सेटिंगला अर्थ राहत नाही.

दिवा बदलताना कोणती चूक टाळू?

भोवतीचं प्लास्टिकचं आवरण काढल्यावर दोन प्रकारचे स्क्रू दिसतात. दिवा धरून ठेवणाऱ्या रिंगचे छोटे स्क्रू फक्त सोडवायचे. स्प्रिंग असलेले लांब स्क्रू उजेडाची दिशा ठरवतात, त्यांना हात लावू नका. गंजलेल्या स्क्रूवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, कारण डोकं घासलं गेलं की दुपार गेलीच म्हणून समजा. बल्बच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा.

उजेडाची दिशा घरी सेट करता येते?

कामचलाऊ येते. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, ड्रायव्हरच्या जागी कोणीतरी बसलेलं. गाडी हलकी आहे, एका माणसानेही फरक पडतो. भिंतीपासून दिवे १० मीटरवर ठेवा, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर चिकटपट्टीने आखा, आणि डिपरची सपाट कडा त्याच्या साधारण १० सेंटिमीटर खाली आणा. ५ मीटरच जागा असेल तर ५ सेंटिमीटर. चढती कडा ब्रिटनमध्ये आणि भारतात डावीकडे. सस्पेन्शन खाली केलं असेल तर हे परत करावंच लागतं. नंतर एकदा गॅरेजच्या यंत्रावर तपासून घ्या.

ब्रिटनमध्ये एमओटीला, म्हणजे गाडीच्या वार्षिक सरकारी तपासणीला, अडचण येईल का?

१ एप्रिल १९८६ किंवा त्यानंतर पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या गाडीत हॅलोजनसाठी बनलेल्या दिव्यात एलईडी किंवा एचआयडी बल्ब घातला तर गाडी नापास होते. आपल्या सगळ्या एमएक्स-५ यात येतात. चांगला एच४ दिवा, मूळ वॅटचा बल्ब आणि रिले यांना अडचण नाही, उजेडाची दिशा मात्र तपासली जाते. विमा कंपनीला बदल कळवून ठेवा, एका फोनचं काम आहे.

दिवे वर यायची भानगडच नको म्हणून सपाट, कायमचे दिवे बसवावेत का?

माझं स्पष्ट मत, नाही. तशा किटमधले छोटे दिवे खाली आणि अरुंद असतात आणि सात इंची आरशाची बरोबरी करत नाहीत. आणि संध्याकाळी स्विच दाबल्यावर दोन्ही डोळे एकदम उघडतात, त्यासाठीच तर ही गाडी घेतली होती.

गावाकडे माझ्याकडे बुलेट किंवा जिप्सी आहे. यातलं काय लागू पडतं?

जवळजवळ सगळं. मोजणं, अर्थ, रिले, डावीकडच्या वाहतुकीची काच, एच४ आणि वाटीची गोष्ट, सगळं तेच. बुलेटवर एवढंच लक्षात ठेवा की जुन्या मॉडेलांचा अल्टरनेटर छोटा असतो, त्यामुळे इंजिन मंद चालत असताना मोजलेले व्होल्ट कमीच येणार. रेस थोडी वाढवून मोजा. आणि पहिला पाना अर्थच्या बोल्टलाच लावा.